छत नसलेल्यांच्या वाटणीचं ऊन

प्रति,
विधानसभा व विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य,
विधान भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय: सौर योजनांत किरायेदाराला हिस्सा मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

डिसेंबर आला की आपण येणार हे आम्हाला आधी रस्ते सांगतात. दुभाजकांना काळा-पिवळा रंग बसतो, सिव्हिल लाइन्समधले खड्डे बुजतात, आमदार निवासाच्या गाद्या उन्हात पडतात. मागोमाग मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, सगळे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत चालत येतात, टेकडी रोडला बसतात, निवेदन देतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. किरायेदारांचा मोर्चा आपण कधी पाहिला नसेल. मीही नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड उचलणारा माणूस कोणत्या मोहल्ल्यातून मोर्चा काढणार? म्हणून हे पत्र.

मी सोलर फिटर आहे. आयटीआयमधून वायरमन झालो, काही वर्षं घरगुती फिटिंग केली, मग केंद्राच्या सूर्यमित्र कार्यक्रमात तीन महिने शिकलो. तेव्हापासून दिवस गच्चीवरच जातो. मानेवाडा, हुडकेश्वर, नरेंद्रनगर, जयताळा, जरीपटका. लोकांना शहर रस्त्यांवरून आठवतं, मला गच्च्यांवरून. कोणाच्या टाकीची सावली तीननंतर कुठे सरकते, कोणाच्या पॅरापेटला वाळवणाची दोरी बांधलेली असते, कोणाकडे शेजारच्या आंब्याची फांदी आडवी येते, हे मला तोंडपाठ आहे. दोनशेच्या वर घरांवर पॅनल चढवले. मी स्वतः किरायाच्या दोन खोल्यांत राहतो.

आधी चांगलं ते सांगतो, कारण माझं पोट त्यावरच आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात. याआधीच्या योजनांत अनुदानाची फाइल किती टेबलं फिरायची ते जुन्या फिटरांना विचारा. त्याच महिन्यात वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासण्याची अट गेली. कामं धडाधड सुटली. छतावरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, आणि त्यात माझ्याही पान्याची थोडी मेहनत आहे.

जाता जाता एक सांगतो, कारण गच्चीवर प्रत्येक जण हेच विचारतो. लोकांना वाटतं नागपूरच्या मे महिन्यात सोलर सगळ्यात जास्त पिकत असेल. तसं होत नाही. पॅनलच्या पाठीवर छापलेले वॅट पंचवीस अंशांना मोजलेले असतात. बाहेर पंचेचाळीस असताना काच साठ-पासष्टच्या वर तापते आणि दर अंशामागे साधारण पाव ते अर्धा टक्का उत्पादन गळतं. आमचा खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. कूलर मात्र मेमध्येच रात्रभर चालतो.

आता मुद्द्यावर येतो. गोष्ट मी राहतो त्याच घराची आहे.

घरमालक काकांचं बिऱ्हाड खाली, वर आणि मागच्या बाजूला आम्ही तीन किरायेदार. कंपनीचं मीटर एकच, काकांच्या नावाचं. आम्हा तिघांचे सब-मीटर जिन्याखाली फळीवर ठोकले आहेत. त्यातल्या मधल्याची काच फुटली आहे, तिथे सेलोटेप लावली आहे. एक तारखेला काकू चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून आकडे वहीत उतरवतात. दर बारा रुपये युनिट, सरसकट.

दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटचा दर सगळ्यात कमी असतो, हे आपल्याला माहीत आहे. माझा वापर महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट. माझ्या नावाचं मीटर असतं तर मी त्या खालच्या टप्प्यात बसलो असतो. पण चार घरांचा वापर एका मीटरवर साचतो, बिल वरच्या टप्प्यांत चढतं. त्यामुळे काकांनी बारा लावले तरी त्यांच्या हाती फारसं काही उरत नव्हतं. तोवर माझी तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी काकांनी तीन किलोवॅटचं सोलर घेतलं. बसवलं मीच. पाचशे चाळीस वॅटचे सहा पॅनल, जीआय पाइपचं स्ट्रक्चर, तोंड दक्षिणेला, तीन अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यांत. तीन म्हणजे तीन. माझ्या धंद्यातले काही लोक एकाच खड्ड्यात तिन्ही पट्ट्या गाडून मोकळे होतात, आणि मग पहिल्या पावसात इन्व्हर्टर जळाला की ग्राहकाचा फोन उचलत नाहीत. अशा एका विक्रेत्याकडे मी आठ महिने काम केलं आहे, म्हणून सांगतो. असो. काकांकडून मी मजुरी कमी घेतली, घरचंच काम म्हणून.

खर्च १,८८,००० आला, ७८,००० अनुदान मिळालं, उरलेल्या १,१०,००० चं बँकेचं कर्ज पाच वर्षांसाठी. हप्ता बावीसशेच्या आसपास. पॅनल महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट देतात. घराचा एकूण वापर साडेचारशे: काकांचे १८०, आम्हा तिघांचे मिळून २७०. म्हणजे कंपनीकडून घ्यायचे राहिले शंभर. बिल येतं साडेसातशेच्या घरात.

एका रात्री मी हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला. आमचे २७० युनिट बारा रुपयांनी ३,२४०. त्यातून बँकेचा हप्ता २,२०० गेला, कंपनीचं बिल ७५० गेलं, राहिले २९०. काकांचा स्वतःचा कूलर, फ्रिज, मोटर सगळं फुकट आणि वर जवळपास तीनशे रुपये. पाच वर्षांनी हप्ता संपेल. पॅनल पंचवीस वर्षं चालतात.

काका वाईट माणूस नाहीत. दिवाळीला त्यांच्याकडून चिवडा आणि अनरसे येतात. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा मध्यरात्री गाडी त्यांनीच काढली. मी एकदा विषय काढला होता, "काका, आता तरी दहा करा नं." तर म्हणाले, "अरे, हप्ता चालू आहे नं अजून." तेही खोटं नाही. फक्त तो हप्ता कोण भरून राहिलं, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

आता आपणच सांगा, हे अनुदान कोणाला मिळालं? नियमाने ज्याच्या नावाचं घर आणि मीटर, त्याला. त्याचे पैसे आले सगळ्यांच्या करातून. हप्ता फेडतात तीन किरायेदार. सरकारच्या यादीत मात्र हे एक घर उजळलेलं दिसतं, आणि त्या एका घरात चार चुली आहेत.

या राज्यात गरिबांचा विचारच झाला नाही, असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये शासनाने स्मार्ट योजना आणली. ६५५ कोटी रुपये, महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेली ५ लाख घरं. दारिद्र्यरेषेखालच्या घराने एक किलोवॅटसाठी २,५०० रुपये भरायचे, बाकी केंद्र आणि राज्य भरणार. कागदावर यापेक्षा चांगली सौर योजना मी वाचलेली नाही. बातमी आली त्या आठवड्यात दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीतून फोन आला. चार घरी धुणी-भांडी करणारी बाई. जागेच्या हक्काचा पट्टा नुकताच मिळालेला, तो लॅमिनेशन करून देवाच्या फोटोशेजारी लावलेला. शिडी लावून मी वर चढलो. टिनाचं छप्पर, खाली बल्ल्या, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, दोन जुने टायर आणि एक फुटकं जातं. एका पॅनलचं वजन पंचवीस-अठ्ठावीस किलो. असे दोन, त्यात स्ट्रक्चर. वैशाखात इथे वादळ सुटतं तेव्हा धड बसवलेले पत्रे दोन गल्ल्या पलीकडे सापडतात.

"टिकते नं भाऊ?" तिने खालून विचारलं.

"नाही टिकत, ताई. स्लॅब पाहिजे."

"स्लॅब असती तर अडीच हजाराची योजना कायले पाहिली असती?"

मी शिडी उचलली आणि निघालो. ती चहा घेऊन जा म्हणत होती.

फ्लॅटवाल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांना बोलता येतं आणि ते आपल्यापर्यंत पोचतात. गच्ची सगळ्यांची, म्हणून ती कोणाचीच नाही. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात. लिफ्ट आणि पाण्याची मोटर सोलरवर चालते, घरातलं मीटर मात्र पूर्वीसारखंच पळतं.

सौर धोरणाने आपल्या देशात काय केलं नाही असं नाही. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचं लक्ष्य होतं, २०१५ मध्ये ते एक लाखावर नेलं. त्यातले ४०,००० मेगावॅट छतांवर व्हायचे होते. मोठे प्रकल्प झपाट्याने उभे राहिले. शेजारच्या मध्य प्रदेशात रीवाला ७५० मेगावॅट उभे राहिले, २०१७ च्या लिलावात तिथला पहिल्या वर्षाचा दर तीन रुपयांच्या खाली आला. त्याच वर्षी राजस्थानात भडलाला २ रुपये ४४ पैसे. सरकारने पैसे देण्याची हमी घेतली, जमीन दिली, तारा ओढल्या, मग भाव पडला. छतांचं मात्र २०२२ पर्यंत लक्ष्याच्या पाव भागापर्यंतही गाडी गेली नाही. मोठ्या माळरानावर धोरण जमलं, माणसाच्या घरावर अडलं. त्यातून सूर्यघरचं घसघशीत अनुदान आलं.

२०२५ च्या मध्यावर देशाच्या वीजक्षमतेत कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, २०३० च्या वचनाच्या पाच वर्षं आधी. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती क्षमता झाली. प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेत अजून कितीतरी मोठा वाटा कोळशाचा आहे, आणि तो कुठे जळतो हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. अधिवेशनाच्या एखाद्या संध्याकाळी गाडी उत्तरेला घ्या. कोराडी, पलीकडे खापरखेडा. तिकडे मौद्याला एनटीपीसी. कोराडीच्या नव्या दोन संचांची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली, तेव्हा लोक काय काय बोलले ते आपल्याकडे नोंदलेलं असेलच. राज्याला वीज पुरवायची, राख अंगावर घ्यायची आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसायचे, हे या भागाच्या वाट्याला आलंच आहे. उत्तर नागपुरात पॅनल पुसायला गेलो की पहिल्याच हातात फडकं करडं होतं.

आणि आता जे सांगतो ते माझ्या धंद्याच्या विरोधात जाईल. ज्यांचं बिल मोठं, ते आधी सोलर घेतात. त्यांच्या चढ्या दरातूनच आजवर शेतीपंपाचा आणि छोट्या ग्राहकाचा भार थोडा उचलला जात होता. ते निघून गेले तरी खांब, डीपी, लाइनमन, जुने वीजखरेदी करार, सगळ्याचा खर्च तेवढाच राहतो. तो शेवटी कोणाच्या बिलात जाणार? ज्याला छत नाही त्याच्या. पाकिस्तानात हे डोळ्यांसमोर घडतंय. २०२४ या एका वर्षात तिथे सुमारे १७,००० मेगावॅटचे पॅनल आयात झाले. पैसेवाल्यांनी बंगले सोलर केले, ग्रिडचा खर्च उरलेल्यांवर पडला, आणि २०२५ मध्ये सरकारने नेट मीटरिंगचा, म्हणजे छतावरची उरलेली वीज ग्रिडने परत घेण्याचा, खरेदीदर सत्तावीस पाकिस्तानी रुपयांवरून दहावर आणायचं ठरवलं तेव्हा सोलरवालेही चिडले. दोन्ही बाजू नाराज.

आपल्याकडेही दरांच्या सुनावण्यांत दिवसाची सौर वीज दिवसाच्याच वापरातून वळती करावी, रात्रीच्या नाही, अशी भाषा ऐकू येते. कर्ज काढून पॅनल लावलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नियम बदलायचेच असतील तर ब्राझीलकडे पाहा. त्यांनी जानेवारी २०२२ च्या कायद्यात ग्रिड वापरण्याचा आकार लावायला सुरुवात केली, पण आधी जोडलेल्यांना २०४५ पर्यंत जुनेच नियम दिले. उलट व्हिएतनामने चढा खरेदीदर जाहीर करून २०२० च्या अखेरीस एकदम बंद केला. शेवटच्या दिवसांत सगळे धावले, इतकं सोलर चढलं की तारांना पेलेना, आणि मग तयार वीजच बंद ठेवायची पाळी आली.

हे सगळं मला कुठून माहीत, असा प्रश्न पडला असेल. सूर्यमित्रच्या वर्गात आम्हाला एक सर होते. बाकीचे सर कनेक्टर कसा दाबायचा ते शिकवायचे, हे भिंतीवर जगाचा नकाशा लावून देश दाखवायचे. सूर्यमित्र ज्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा कार्यक्रम, तिच्या गुरुग्रामच्या आवारातच आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय आहे, हे ते अभिमानाने सांगायचे. भारत आणि फ्रान्सने २०१५ मध्ये पॅरिसला ती सुरू केली, आपल्यासारख्या उन्हाच्या देशांसाठी. सरांनी दाखवलेल्यांपैकी मला दोन देश लक्षात राहिले, कारण दोन्हीकडे छत नसलेल्या माणसाचा विचार झाला होता.

पहिला बांगलादेश. २००३ पासून तिथे सरकारी वित्तसंस्थेमार्फत घरगुती सोलरचे छोटे संच हप्त्याने दिले गेले. दोन-चार दिवे, एक पंखा, मोबाइल चार्जिंग. चाळीस लाखांच्या वर घरांत ते पोचले. संच घराला जखडलेला नव्हता, तो माणसाचा होता. नदीने गाव कापलं, बिऱ्हाड हललं, तर पॅनल बैलगाडीत टाकून न्यायचं. पुढे तारेची वीज सगळीकडे पोचली आणि ते संच अडगळीत गेले, हेही सरांनी लपवलं नाही.

दुसरा पुन्हा ब्राझील. २०१२ मध्ये त्यांनी नेट मीटरिंग आणलं आणि तीनच वर्षांत त्यातली खोट ओळखली. २०१५ च्या नियमाने तिथे एकाच वीज कंपनीच्या हद्दीतले लोक मिळून एक सौर प्रकल्प घेऊ शकतात. पॅनल शहराबाहेर कुठेही असोत, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी युनिट त्याच्या बिलातून वजा. रिओतल्या बाबिलोनिया नावाच्या डोंगरावरच्या झोपडपट्टीत रहिवाशांनी याच नियमावर आपली सौर सहकारी संस्था उभी केली. सर म्हणायचे, छत तुझं असो वा नसो, बिल तर तुझं आहे नं?

आता आपण म्हणाल ब्राझील कुठे, नागपूर कुठे. ठीक आहे, ब्राझील सोडा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आपलीच आहे. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ पासून तिचं दुसरं रूप जोरात आहे. त्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर पॅनल लावत बसलो नाही. उपकेंद्राजवळ जमीन घेतली, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाड्याने, दरवर्षी तीन टक्के वाढ. तिथे प्रकल्प लावला, तीन रुपयांच्या आसपास दराने वीज घेतली आणि ती कृषी फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनवर, सोडली. शेतकऱ्याला दिवसा पाणी ओलता येतं. पॅनल कुठे आहे हे त्याला बघायलाही जावं लागत नाही. ही योजना मी डोळ्यांनी पाहिली आहे. रात्री मोटर सुरू करायला जाताना पायाखाली साप येणारा माझा मामा तिला काय म्हणतो, तेही ऐकलं आहे.

मग शहरातल्या किरायेदारासाठी अशीच एक वाहिनी का नको? जागा आहेत. कळमन्याच्या बाजार समितीचे शेड एकदा वरून पाहा, मी पाहिले आहेत. महापालिकेच्या शाळांच्या गच्च्या आहेत. मेट्रोने आपल्या स्थानकांवर पॅनल लावून दाखवले आहेत. उमरेड, सावनेर, कामठी या बाजूला वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या संपलेल्या खाणींची जमीन पडून आहे, ज्या कोळशाने इतकी वर्षं राज्य उजळलं त्याचीच. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. एका बिऱ्हाडाला एक किलोवॅटचा हिस्सा दिला तर महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट होतात, माझ्यासारख्याचं भागून उरतं. म्हणजे चार-पाच एकरांत हजार बिऱ्हाडं. काकांच्या छताला पहिल्या किलोवॅटमागे तीस हजार दिले, तेवढेच माझ्या नावाने त्या प्रकल्पात घाला. त्या टिनाच्या घरातल्या ताईचे अडीच हजारही तिथेच घ्या. हिस्सा ग्राहक क्रमांकाला जोडा. मी मानेवाड्यातून वाडीला गेलो तर तो माझ्यासोबत आला पाहिजे, रेशन कार्डासारखा. दिल्लीने २०१९ पासून अशा आभासी नेट मीटरिंगचे नियम केले आहेत, अगदीच अनोळखी वाट नाही.

पण त्याआधी एक अडचण आहे, आणि तीच मोठी आहे. ग्राहक क्रमांकच नाही. जिन्याखालच्या त्या डब्याला कोणता क्रमांक असतो?

वीज कायदा २००३ चं कलम ४३ म्हणतं की जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, कोणीही अर्ज केला तर वीज द्यावी. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये सांगितलं की घरमालकाचं ना हरकत पत्र नाही म्हणून किरायेदाराला वीज नाकारता येत नाही. हे मी एका अर्जाला जोडून एका कार्यालयात घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने सगळं नीट वाचलं, कागद परत सरकवला आणि म्हणाला, "बरोबर आहे. घरमालकाची एनओसी आणा." मी वाद घातला नाही. वाद जिंकलो असतो तर मीटर लागलं असतं आणि पुढच्या महिन्यात खोली गेली असती. किरायेदाराच्या हक्काचं हे असं असतं. तो बजावायचा तर आधी दुसरी खोली शोधून ठेवावी लागते.

त्यामुळे मागणं किरायेदाराच्या हिमतीवर सोडू नका, अनुदानालाच जोडा. ज्या घराला सौर अनुदान हवं, त्या घरातल्या प्रत्येक वेगळ्या बिऱ्हाडाला कंपनीचं वेगळं मीटर आधी लागलेलं असावं. मीटरचा खर्च अनुदानातून कापा हवं तर. ज्याला मीटर वेगळे करायचे नाहीत त्याने खुशाल स्वतःच्या पैशाने पॅनल लावावेत. सब-मीटर आहेत की नाहीत हे पाहणं कठीण नाही. नेट मीटर बसवायला माणूस जातोच, तो जिन्याखालून जातो.

आपले अधिकारी काही गोष्टी सांगतील, त्या मी ऐकल्या आहेत. वीज वाहून नेण्याचा आकार कोण भरणार? शेतीच्या वाहिनीत जो भरतो तो. किरायेदार खरा की खोटा कसं ओळखायचं? आधार, भाडेकरार आणि सहा महिन्यांचा वापर. घरमालक किराया वाढवतील? वाढवतील, काही जण नक्की वाढवतील. पण किराया निदान करारात लिहिलेला असतो. बारा रुपये युनिट कुठेच लिहिलेलं नसतं, ते काकूंच्या वहीत असतं. आणि अशा योजनेने आम्हा फिटरांचं काम कमी होईल का? होईल थोडं. एका मैदानावर हजार किलोवॅट लावायला दोनशे गच्च्यांइतके हात लागत नाहीत. मला चालेल. शेडवर चढायला मला जमतं.

सभागृहात सोलरवर बोलणं निघतं तेव्हा किती छतांवर पॅनल लागले ते विचारलं जातं. यंदा कोणीतरी उठून एवढंच विचारावं की त्या छतांखाली बिऱ्हाडं किती, आणि त्यातल्या किती जणांचं बिल कमी झालं. आकडा नसेल तर नाही म्हणून सांगू द्या. निदान कामकाजात नोंद होईल.

अधिवेशनभर मी सिव्हिल लाइन्सपासून फार लांब नाही. एका शाळेच्या गच्चीवर दहा किलोवॅटचं काम चालू आहे, तिथून विधान भवनाकडे जाणारा रस्ता दिसतो.

आपला,
एक सोलर फिटर,
दक्षिण नागपूर

ता. क. हे लिहीत असतानाच खालून काकांनी हाक मारली. पॅनलवर कबुतरांनी घाण केली आहे, उत्पादन कमी दिसतंय, रविवारी पुसून देशील का म्हणाले. देतो म्हणालो.